बांधकऱ्याची खोली

आमच्या बांधकऱ्यांसारखा वादी आजवर कुठल्याच कोर्टानं पाहिला नसेल. ज्याच्यावर दावा लावलाय त्याच्यासाठी एसटीत टॉवेल टाकून खिडकीजवळची जागा धरणारा, तारखेच्या दिवशी त्याच्या दारात उभा राहून ‘आवरलं का? उशीर झाला तर तुमचाच वकील वरडंल’ म्हणून घाई करणारा, आणि दुपारी कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली बसून फडक्यातली अर्धी भाकरी अन् शेंगदाण्याची चटणी त्याच्याच हातावर ठेवणारा दुसरा वादी कुणाला ठाऊक असेल, तर मला जरूर कळवावं. ही माहिती ऐकीव नाही. ज्याच्यासाठी जागा धरली जायची तो प्रतिवादी मीच होतो.

बांधकरी म्हणजे ज्याच्या शेताचा आणि आपल्या शेताचा बांध एकच असतो, तो शेजारी. भाऊ वेगळा राहू शकतो, मुलगा पुण्याला जाऊ शकतो, बायको माहेरी जाऊ शकते. बांधकरी कुठंच जात नाही. तो पेरणीला दिसतो, काढणीला दिसतो, आणि भल्या सकाळी टमरेल घेऊन निघावं तर तोच आधी तिथं बसलेला दिसतो. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, मीही आबाच म्हणायचो. मी जन्मभर एसटीत नोकरी केली आणि केजच्या स्टँडवरून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालो. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागलीय हे माइकवरून पुकारणारा जो माणूस असतो, तो मी. म्हणून ते मला कंट्रोलर म्हणायचे.

आजही पारावर आबांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतोच, ‘माणूस चांगला व्हता, पण दुसऱ्याच्या घरावर खोटा दावा लावला आन हारला.’ या वाक्याचा पहिला भाग खरा आहे. उरलेला खोटा आहे, आणि तो खोटा आहे हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. पंच्याहत्तरी उलटली. आता हे सांगून टाकलं पाहिजे. पण आबांबद्दल सांगायचं आणि सुतकी तोंड करून सांगायचं, हे काही मला जमणार नाही.

आबांच्या जगण्याचा मुख्य कायदा एकच होता. जे आपण लावलं ते आपण काढावं. जे आपसूक उगवलं त्याला हात लावू नये. त्यामुळे त्यांच्या शेतात कापसाच्या मधोमध एक बोर उभी होती, तिच्या पलीकडे दोन बाभळी, आणि पेरणीची तिफण या सगळ्यांना वळसे घालत फिरायची. लांबून पाहिलं तर त्यांच्या शेतातल्या ओळी कुणीतरी शिंकत शिंकत पेरल्यासारख्या दिसत. एका वर्षी दारातल्या नालीत कलिंगडाचा वेल आला, तर आलेला प्रत्येक पाहुणा नाली सोडून चिखलातून घरात शिरायचा. न्हाणीच्या दगडाच्या फटीत टोमॅटोचं रोप आलं तेव्हा साबणाचं पाणी त्याला नको म्हणून आबा एक अख्खा हंगाम रस्त्याच्या कडेला उघड्यावर अंघोळ करत होते, आणि अंगावर तांब्या ओतता ओतता येणाऱ्याजाणाऱ्याला ‘रामराम’ घालत होते.

त्यांच्या मोपेडची गोष्ट तर साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. पावसाळ्यात आठवडाभर ती गोठ्याशेजारी उभी राहिली, तेवढ्यात एका दोडक्याच्या वेलानं तिच्या हँडलला विळखा घातला. दुसऱ्या कुणी तो सोडवून बाजूला केला असता. आबांनी मोपेडला मांडव समजायचं ठरवलं. वेल सीटवर चढला, आरशावर चढला, हेडलाइटच्या समोर पिवळं फूल आलं, आणि आबा केजच्या बाजाराला पायी जात राहिले. मी म्हणालो, ‘आबा, गाडी काढा की, वेलाचं काय एवढं?’ ते म्हणाले, ‘कंट्रोलर, फलाटावर गाडी लागलीय, पाशिंजर बसलेत. आता त्यांला उतरा म्हनू का?’ दोडके संपेपर्यंत गाडी हलली नाही. वहिनी, म्हणजे आबांची बायको, आमच्या घरी येऊन म्हणाल्या, ‘उद्या माझ्या अंगावर येल चढला तर मला बी तितंच हुबी करत्याल.’

दुसरा त्यांचा कायदा भांडणाचा. उपाशी माणसाशी भांडू नये, असं त्यांचं मत होतं. एकदा एका धनगराची मेंढरं त्यांच्या तुरीत शिरली. आबा काठी घेऊन धावत गेले, आणि जवळ गेल्यावर विचारलं, ‘जेवलास का बे?’ तो म्हणाला, न्हाई. झालं. त्याला घरी आणलं, पितळीत भाकरी कुस्करून वर आमटी वाढली, कांदा फोडून दिला, आणि तो हात धुऊन आल्यावर घसा खाकरून भांडायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील, तोवर तो भिंतीला टेकून घोरायला लागला. मग त्याची मेंढरं आबांनीच वळवली.

तिसरी खोड म्हणजे खोटं बोलता न येणं. याला मी गुण म्हणत नाही, कारण तो त्यांनी कमावलेला नव्हता. काही माणसांना शीळ घालता येत नाही, तसं त्यांना खोटं बोलता येत नसे. लग्नाच्या पंगतीत यजमान हात जोडून म्हणाला, ‘आबा, जेवण कसं झालं?’ तर सगळे ‘लई झाक’ म्हणत असताना हे सांगायचे, ‘बुंदी कच्ची राह्यली.’ माझ्या मुलाचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडची मंडळी चौकशीला परस्पर आबांच्याच दारात उतरली. आबांनी त्यांना आधी जेवू घातलं आणि मग सांगितलं, ‘पोरगं सोन्यावानी हाय. बाप जरा तापट हाय, आन आपलं चुकलं म्हनायची त्याला सवय न्हाई. बाकी घर चांगलं हाय.’ लग्न झालं. सूनबाई अजून म्हणते, या घराची खरी माहिती मला एकाच माणसानं दिली होती.

अशा माणसाला मी चारचौघांत लबाड म्हणालो. ते कसं झालं, ते सांगतो.

आमच्या बांधावर केकताडाचं कुंपण होतं. केकताड म्हणजे घायपात. जाड, लांब, टोकाला काटा असलेल्या पानांचं. त्यांच्या वडिलांनी आणि माझ्या वडिलांनी मिळून ते लावलं होतं. या झाडाची रीत अशी, की म्हातारं झालं म्हणजे ते आभाळात उंच दांडा टाकतं, फुलतं आणि वाळून जातं. पण त्याआधी आजूबाजूला पिल्लं सोडून ठेवतं. आता माझी बाजू बघा. मला रांग सरळ लागते. सुट्टीला शेतात आलो की गडी लावून आमच्या बाजूची सगळी पिल्लं उपटून टाकायचो. आबांच्या बाजूला काय होत असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. तिकडची पिल्लं आपसूक आलेली. त्यांना कोण हात लावणार? मूळची झाडं वाळत गेली, आबांकडची पिल्लं मोठी होत गेली, त्यांना आणखी पुढं पिल्लं झाली, आणि ते कुंपण वर्षानुवर्षं मुंगीच्या चालीनं आबांच्या शेतात सरकत राहिलं. मागं जी पट्टी मोकळी होत गेली ती मी नांगरत गेलो. देवाशपथ सांगतो, माझ्या ते ध्यानात आलं नाही. रोज आरशात बघणाऱ्याला आपले केस पांढरे होताना कुठं दिसतात? बांध म्हणजे केकताड, एवढंच मला ठाऊक. केकताड कुठं आहे, हा प्रश्न मला पडलाच नाही.

निवृत्त झालो आणि शेतात घर बांधायला काढलं. पाया आखताना कुंपणापासून चांगलं चार हात अंतर सोडलं, आणि शेजारधर्म पाळला म्हणून स्वतःवर खूष झालो. पायाभरणीचा नारळ आबांच्या हातून फोडला. त्यांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला, कुंपणाकडे बघितलं, पायाच्या चुन्याकडे बघितलं, परत कुंपणाकडे बघितलं, आणि बराच वेळ नुसतं चावत उभे राहिले. मला वाटलं, खोबरं चिवट असेल.

घर झालं, मुलाचं लग्न झालं, बरीच वर्षं निघून गेली. मग मला दुर्बुद्धी सुचली की हे काटेरी केकताड काढून छान तारेचं कुंपण घालावं. त्यासाठी सरकारी मोजणीचा अर्ज मीच केला. कुणी सांगितलं नव्हतं. मोजणीदार आला, त्याचं मशीन आलं, गावातली रिकामी माणसं आली. मोजणीदार आधी कुंपणाशी गेला, मग मशीनमध्ये बघत मागं आला, मग आणखी मागं आला, मग चपला काढून माझ्या पाहुण्यांच्या खोलीत शिरला. आत पलंगावर आमचे साडू दुपारचे झोपले होते. मोजणीदारानं फरशीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पलंगाखालून तांबड्या रंगाची रेघ मारली आणि सांगितलं, ‘हद्द इथून जाते.’ म्हणजे साडूंचं डोकं माझ्या जमिनीच्या गटात होतं आणि कमरेपासून खाली ते आबांच्या गटात झोपले होते. दारात जमलेली माणसं हसली. साडू जागे झाले आणि काय झालं म्हणून विचारायला लागले, तेव्हा आणखी हसली.

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, ही मोजणी खोटी आहे. मोजणीदार शांतपणे म्हणाला, ‘मान्य नसेल तर वरच्या साहेबांकडं अर्ज करा.’ त्याच्यापुढं माझं काही चालेना, म्हणून मी आबांकडे वळलो. ‘आबा, तुम्हीच ह्याला खाऊ घातलंय. लबाड माणूस आहात तुम्ही.’

खाऊ तर त्यांनी घातलंच होतं. सकाळीच मोजणीदाराला आणि त्याच्या माणसांना पिठलं-भाकरी झाली होती. शेजारी बसून मीही दोन भाकरी खाल्ल्या होत्या.

आबा तसेच घराकडे निघून गेले. माणसं पांगल्यावर कुंपणाला वळसा घालून परत आले आणि दाराबाहेर उभे राहून म्हणाले, ‘कंट्रोलर, खोली बांधलीय ती ऱ्हाऊ द्या. म्या कुटं पाडा म्हनतोय? जागा माझी हाय एवढं म्हना, आन लबाड म्हनलात ते मागं घ्या. तेवढंच.’ मी म्हणालो, ‘बघू.’ स्टँडवर असताना चुकीची गाडी पुकारली, तर मी पुढच्याच मिनिटाला माइक उघडून दुरुस्ती करत असे. त्यात कमीपणा वाटला नव्हता कधी. इथं मात्र जीभ उचलेना. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘एवढं एक वाक्य बोलायला काय झालं? जन्म माइकपुढं गेला तुमचा.’

काही दिवसांनी आबांच्या वकिलाची नोटीस आली. अतिक्रमण केलेलं बांधकाम पाडावं, जागेचा ताबा द्यावा, नुकसानभरपाई द्यावी, नपेक्षा कोर्टात खेचू, असा सगळा मजकूर होता. ती मी दुसऱ्यांदा वाचायला घेतोय तेवढ्यात आबा दारात. ‘पोचली का नोटीस? वकिलानं लई कडक लिव्हलीय. तसं लिव्हावंच लागतं म्हने. मनाला लावून घेऊ नका, आन खोली पाडू नका.’ मी विचारलं, मग दावा लावता कशाला? ते म्हणाले, ‘तुमी तर म्हनंना. मंग कुनीतरी म्हनलं पायजे का न्हाई, आबा लबाड न्हाई म्हनून? जज्जसाब म्हनत्याल.’

मी वकिलाकडे गेलो. त्याला मी खरं तेच सांगितलं, की जागा त्यांची असेल तर तसं म्हणून टाकतो. वकील हात उडवत म्हणाला, ‘एकदा का तोंडातून गेलं की जागा त्यांची, मग संपलं. आज आबा गोड बोलतायत. उद्या ते नसतील, आणि त्यांचा मुलगा बुलडोझर घेऊन दारात उभा राहील. खोलीच्या भिंतीवर छप्पर आहे, छपरावर टाकी आहे. एक भिंत काढली तर निम्मं घर खाली येईल.’ नोकरीच्या शेवटी हातात आलेलं सगळं मी त्या घरात घातलं होतं. मी कागद त्याच्यापुढं सरकवले. मग वकिलानं माझी कैफियत लिहिली. बारा वर्षांहून अधिक काळ ही पट्टी आमच्या उघड कब्जात आहे, वादीला ते माहीत असून त्यानं कधी हरकत घेतली नाही, सबब वादीचा हक्क आता उरलेला नाही. साध्या मराठीत सांगायचं तर, जागा असेल तुमची, पण बोलायला फार उशीर केलात. कायद्यात असं बसतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी सही केली.

तारखा सुरू झाल्या आणि आमचं येणं-जाणं उलट वाढलं. आधी आठवड्यातून एकदा भेटायचो, आता तारखेच्या निमित्तानं जाता-येताना आणि कोर्टात अख्खा दिवस एका बाकावर. जीपवाला हाक मारायचा, ‘वादी-प्रतिवादी बसा, दोन जागा हायेत.’ माझा वकील माझ्यावर चिडायचा, की समोरच्या पार्टीबरोबर डबा खाऊ नका, चांगलं दिसत नाही. आबा त्यालाच विचारायचे, ‘तुमी जेवलात का?’ एकदा साहेबांनी विचारलं, प्रतिवादी हजर आहेत का? मी खोकत होतो म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला, तर आबाच उभे राहिले. ‘हायेत की साहेब. हे काय माझ्याजवळ बसलेत. खोकला झालाय त्यांला, जरा सावलीत बसू द्या.’

घरी तर आणखी मजा. फरशीवरची तांबडी रेघ काही केल्या पुसली गेली नाही. आबा आले की घराच्या दारातून ‘येऊ का?’ विचारून आत यायचे, चालत रेघ ओलांडायचे आणि तिथं गेल्यावर न विचारता खुर्ची ओढून बसायचे. त्यांच्या बाजूला गेल्यावर परवानगी कशाला? चहा घेऊन मी रेघेपलीकडे आलो की ते म्हणायचे, ‘या, या. बसा आमच्याकडं.’ एका पावसाळ्यात ती खोली गळायला लागली. कोर्टात दावा चालू, आणि आबा डांबर अन् प्लॅस्टिकचा कागद घेऊन शिडीवर. मी खालून ओरडलो, ‘आबा, पडाल, उतरा.’ वरून उत्तर आलं, ‘माझ्या जाग्यावरची खोली गळाया लागल्यावर लोक काय म्हनत्याल?’

मग त्यांच्या उलटतपासणीचा दिवस आला. आबा पांढराशुभ्र फेटा बांधून पिंजऱ्यात उभे राहिले. माझ्या वकिलानं अगदी गोड आवाजात विचारलं, ‘आबा, हे कुंपण तुमच्या बाजूला सरकतंय, हे तुम्हाला दिसत होतं का?’

‘दिसत व्हतं की.’

‘मग तुमच्या बाजूची पिल्लं काढली का नाहीत?’

‘आपसूक आलीती. त्यांला कावून हात लावायचा?’

‘बरं. प्रतिवादींच्या घराच्या पायाभरणीचा नारळ कुणी फोडला?’

‘म्याच.’

‘त्या वेळी घर तुमच्या जागेत येतंय, हे तुमच्या लक्षात आलं होतं?’

आबांचा वकील मागं बसून जोरजोरात मान हलवत होता. आबांनी वळून त्याच्याकडे बघितलं. ‘मान कावून हालवता? आलतं की ध्यानात.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘शुभकार्य व्हतं,’ आबा म्हणाले. ‘ह्यांच्या घरच्या वैनी नवं लुगडं नेसून आलत्या. कंट्रोलर बी कधी न्हाई ते हासत व्हते. तितं कुटं काढायचं? म्हनलं, सवडीनं सांगू.’

‘आणि इतक्या वर्षांत सवड झाली नाही?’

‘न्हाईच झाली बगा.’

‘एवढंच विचारायचं होतं,’ म्हणून माझा वकील खाली बसला. बाहेर आल्यावर त्यानं माझा हात हातात घेऊन सांगितलं, की केस त्यांनीच आपल्याला जिंकून दिली. त्या दिवशी लिंबाखाली मी एका घासानंतर भाकरी परत फडक्यात ठेवली. आबा म्हणाले, ‘चटनी तिखट झालीय का?’

निकाल तसाच लागला. पट्टी मुळात आबांच्या गटातली आहे, हे निकालात स्पष्ट म्हटलं होतं. पण मुदत उलटून गेल्यामुळे ती आता त्यांना परत मागता येत नाही, म्हणून दावा फेटाळला. गावानं निकाल वाचला नाही. गावानं ‘आबा हारले’ एवढंच ऐकलं, आणि हरला तो लबाड, हा गावचा कायदा लागू झाला. आबांचा मुलगा म्हणत होता, वर बीडच्या कोर्टात जाऊ. आबा म्हणाले, ‘बीडच्या गाडीत मला मळमळतं.’

त्या संध्याकाळी एसटीत त्यांनी माझ्यासाठी जागा धरलीच होती. गाडी गावाबाहेर पडल्यावर त्यांनी विचारलं, ‘कंट्रोलर, कोर्टानं मला लबाड म्हनलं का?’ मी म्हणालो, नाही. कोर्ट म्हणालं तुम्ही उशीर केला. ते म्हणाले, ‘मग बराबर हाय. उशीर तर झालताच.’ आणि हसले. थोडं पुढं गेल्यावर पुन्हा म्हणाले, ‘आन तुमी?’ मी खिडकीबाहेर बघत राहिलो. आमचा फाटा आला, कंडक्टरनं बेल मारली, आणि मी म्हणालो, ‘चला, उतरायचं.’

त्यानंतरही काही बदललं नाही. पहिली मेथी, पहिला हुरडा रेघेपलीकडून येत राहिला. मी मात्र आबा खोलीत बसले की काहीतरी काम काढून बाहेर जायला लागलो. मग एका उन्हाळ्यात आबांना दवाखान्यातून घरी आणलं, आणि ते बरे होण्यासाठी आणलेले नाहीत हे सगळ्यांना दिसत होतं. त्यांची बाज शेतातल्या त्या बोरीखाली टाकली होती, शेजारी म्हशी बांधलेल्या. बायको मला म्हणाली, ‘त्यांची गाडी फलाटाला लागलीय. सुटल्यावर काय पुकारणार आहात?’

मी तसाच उठून कुंपणाशी गेलो. वळसा घालून जायचा धीर नव्हता; केकताडाच्या अलीकडेच उभा राहिलो आणि म्हणालो, ‘आबा, ती जागा तुमची आहे.’

‘काय म्हनले?’

‘जागा तुमची आहे. लबाड म्हणालो ते मागं घेतो.’

‘वारं हाय. जरा मोठ्यानं.’

तेव्हा मी तोंडाशी हात धरून, छाती भरून, केजच्या स्टँडवर सणासुदीच्या गर्दीत लावत असे तो आवाज लावला. पाहुण्यांच्या खोलीखालची जागा आबांची आहे, आबा लबाड नाहीत, मी चुकलो. हे सगळं, स्टँडवरच्या सवयीनं, दोनदा. म्हशी बुजल्या, एकीनं दावं तोडलं, आबांचा मुलगा विहिरीवरच्या मोटारीकडून पळत आला. आबांनी हात वर केला. ‘एवढं वरडाया काय झालं? म्हशी दूद द्यायच्या न्हाईत. पैल्यांदाच आलतं ऐकू.’

‘मग काय म्हनले, काय म्हनले कशाला विचारत होता?’

‘ऐकाया बरं वाटत व्हतं,’ आबा म्हणाले. मग मुलाला म्हणाले, ‘कंट्रोलर जेवले का इचार.’

त्या पावसाळ्यात आबा गेले. माझं पुकारणं ऐकलं ते त्यांनी, त्यांच्या मुलानं आणि म्हशींनी. पारावरच्या लोकांपर्यंत ते पोचलं नाही, म्हणून आज इथं तिसऱ्यांदा पुकारतो आहे. पट्टी कागदोपत्री परत द्यायचं मी काढलं होतं. वकील म्हणाला, एवढ्याशा तुकड्याचं खरेदीखत तुकडेबंदीच्या कायद्यात बसत नाही, आणि माझा मुलगा म्हणतो बघू. आबांचा मुलगा म्हणतो, ‘काका, ऱ्हाऊ द्या. आबा बसायचे तिथं मी येऊन बसतो की.’ आणि खरंच येऊन बसतो, रेघेपलीकडे, न विचारता. सूनबाईनं घरभर नवी फरशी घातली तेव्हा ती एक खोली मी करू दिली नाही.

तारेचं कुंपणही राहूनच गेलं. आबांचा मुलगा ट्रॅक्टर लावतो, तो कुंपणाला अगदी चिकटून नांगरतो. त्यामुळे त्यांच्या बाजूची पिल्लं आता टिकत नाहीत. आमच्या बाजूला पिल्लं उपटायला गडी लावणं मी बंद केलंय. परवा माझा मुलगा पुण्याहून आला होता. खोलीच्या भिंतीला लागून, पायाच्या दगडाजवळ केकताडाचं एक वीतभर पिल्लू वर आलेलं त्याला दिसलं. ‘दादा, हे भिंतीत घुसंल,’ तो वाकून म्हणाला. ‘काढू का?’

मी खुर्ची ओढून त्या पिल्लाजवळ बसलो.

‘राहू दे,’ म्हणालो. ‘आपसूक आलंय.’